सहा फुटांची दोरी

दर रविवारी मी आमच्या मोतीला पेनसिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्ज राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात फिरायला नेतो. कुत्र्याची दोरी सहा फुटांहून लांब नको, असा तिथला नियम. एकदा ‘कोण बघतंय?’ म्हणून मी ती सोडली. हरणामागे धावत मोती मातीच्या तटबंदीवर चढला आणि गवत उकरू लागला. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, शिवनेरीवर हे चाललं असतं?’’ मी ओशाळलो.

गवताची मुळे सुटली की पावसात तटाची माती वाहून जाते. इथल्या १७७७-७८च्या मुक्कामात वॉशिंग्टनचे सुमारे २००० सैनिक रोगराईने दगावले. त्याआधी, ऑक्टोबर १७७७मध्ये, शत्रूचा सेनापती हाऊ याचा चुकलेला कुत्रा वॉशिंग्टनच्या हाती लागला. गळपट्ट्यावरचे नाव वाचून त्याने तो परत पाठवला!

तेव्हा मंडळी, कुत्र्याला खुशाल न्या; दोरी मात्र हातात असू द्या.