कांदामास्तरांची तालीम

तालाचे व्हिडिओ गेम पुष्कळ झाले. प्लास्टिकच्या गिटारी आल्या, नाचायच्या चटया आल्या, जपानी ढोलही आला. तरी ६ डिसेंबर १९९६ रोजी पहिल्या प्लेस्टेशनसाठी जपानात निघालेल्या 'पॅरापा द रॅपर'ची सर त्यांतल्या एकालाही नाही, हे माझं मत इतक्या वर्षांत हललेलं नाही. ते असं का, याचा शोध घेता घेता मी आमच्या अंबाजोगाई तालुक्यात येऊन पोचलो.

हा खेळ मला भेटला तो भारनियमनाच्या काळात. प्लेस्टेशन तेव्हा दुकानात तासावर मिळायचा, बाकीची पोरं कुस्तीचे आणि मारामारीचे खेळ मागायची. मला मात्र हा गाणारा कुत्रा हवा असायचा. कथा एका दमात सांगण्यासारखीच आहे. लोकरी टोपी घातलेलं, कागदासारखं चपटं पिल्लू, त्याला आवडणारी फुलाच्या चेहऱ्याची मुलगी, आणि तिच्यासाठी कराटे, मोटार, बाजारातली विक्री, केक असं एकेक शिकत सहाव्या टप्प्यात त्याने रंगमंचावर उभं राहणं. चित्रं रॉडनी ग्रीनब्लाट या न्यूयॉर्कच्या चित्रकाराची.

खरा खेळ सुरू होतो तो कराटे शिकवणाऱ्या चॉप चॉप मास्टर अनियनपाशी. यांचं डोकंच कांद्याचं, म्हणून आम्ही त्यांना कांदामास्तर म्हणायचो. मास्तर एक ओळ तालात म्हणतात. लगेच तीच ओळ पिल्लाच्या तोंडून काढायची जबाबदारी खेळणाऱ्याची. पडद्याच्या वरच्या बाजूला ठिपक्यांची पट्टी असते, तिच्यावर त्रिकोण, गोल, फुली, चौकोन ही बटणांची चिन्हं. प्रत्येक बटणाला ओळीतला एकेक तुकडा बांधलेला. बटण दाबलं की तो तुकडा उमटतो. वेळेवर दाबलं तर गाणं होतं, नाहीतर शब्दांची फरफट ऐकू येते आणि मास्तर नाराज होतात.

बीड जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला ही शिकवणी ओळखीची वाटावी. गावोगावच्या हरिनाम सप्ताहांत पखवाज आमच्या कानावर पडतच आलेला आहे. डाव्या धुम्यावर कणीक चढवून वादक बसला, की पहिल्या थापेलाच मंडपातली कुजबुज थांबते. हे वाद्य शिकवताना शिकवणारे हाताने टाळी देत बोल म्हणतात, पोरगा तसेच म्हणून दाखवतो, आणि पढंत पक्की झाली की हात पुडीवर जातो. धा म्हटलं की दोन्ही हात पडले पाहिजेत, ता म्हटलं की उजवा. अक्षर तोंडात असतं आणि आघात हातात, दोघांची गाठ पडेपर्यंत सुटका नाही. कांदामास्तर दुसरं काय करतात? त्यांनी अक्षराला आघाताऐवजी बटण दिलं, एवढंच.

पखवाजवादक पद्मश्री शंकरबापू आपेगावकर याच मातीतले, अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे. ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचं पैठणजवळचं आपेगाव निराळं, दोन्हींची गल्लत करू नये. शंकरबापूंना १९८६ साली पद्मश्री मिळाली, पुढे उद्धवबापू आपेगावकरांनी ते वादन चालवलं. मराठवाड्याच्या एका खेड्याचं नाव पखवाजाशी असं कायमचं जोडलं गेलं, आणि तरी जिल्ह्याबाहेर बीड म्हटलं की लोकांना ऊसतोड आणि दुष्काळ एवढंच आठवतं, याचं मला फार वाईट वाटतं.

'पॅरापा' रचणारे मासाया मात्सुउरा हेही आधी संगीतकार, मग खेळ करणारे. १९८३ ते १९९६ या काळात गायिका चाका यांच्यासोबत त्यांचा 'साइझ' हा गट होता. १९९३ साली त्यांनी 'नानाऑन-शा' ही कंपनी काढली. खेळातल्या ओळींवर रियू वाताबे या रॅपरची छाप आहे, कांदामास्तरांचा आवाजही त्यांचाच. २००४ मध्ये अमेरिकेतल्या गेम डेव्हलपर्स चॉइस पुरस्कारांत मात्सुउरांना 'फर्स्ट पेंग्विन' हा सन्मान मिळाला. नव्या पाण्यात पहिली उडी मारणाऱ्यांसाठी तो असे. त्यांनी केलेली सर्वांत धाडसी गोष्ट मात्र पडद्यावर कुठे लिहिलेली नाही.

खेळात चार श्रेणी आहेत: ऑफुल, बॅड, गुड आणि कूल. प्रत्येक बटण अगदी चिन्हावर दाबलं तरी माझी श्रेणी 'गुड'च्या वर सरकत नसे. हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. उत्तर असं, की हुबेहूब नक्कल करणाऱ्याला हा खेळ 'गुड'पर्यंतच नेतो. 'कूल' हवं असेल तर पाठ पक्का झाल्यावर मास्तरांची ओळ मनात धरून तिच्या मधल्या जागा स्वतःच्या ठोक्यांनी भराव्या लागतात, ताल न सोडता. ते जमलं की मास्तर चक्क निघून जातात आणि उरलेलं गाणं तुमच्या हाती राहतं. ढिलाई झाली की पुन्हा हजर. चौतालाच्या बारा मात्रांचा ठेका सरळ धरणारा वादक साथीला चालतो, पण त्याच बारा मात्रांत रेला, परन भरून तिहाईने समेवर येणाऱ्याला लोक लक्षात ठेवतात. हा भेद ज्याने यंत्राच्या गुणपद्धतीत बसवला त्याला मी मोठा मानतो.

म्हणूनच २००५ च्या 'गिटार हिरो'वर माझा राग आहे. त्याच्यामुळे लाखो घरांत संगीताचा खेळ पोचला, हे खरं. पण वरून खाली येणाऱ्या रंगीत गोट्यांपेक्षा एक ठोका जास्त छेडलात तरी तिथे ती चूक धरली जाते. शिष्याला स्वतःचं काही सुचणं हा तिथे गुन्हा आहे. 'पॅरापा'चीही मर्यादा सांगितली पाहिजे. तो चाराच्या हिशेबाबाहेर जात नाही, चौदा मात्रांचा धमार त्याच्या गावीही नाही.

मात्सुउरांचाच १९९९ चा 'व्हिब रिबन' आणखी पुढे गेला. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ, तिच्यावरून चालणारा ससा, आणि रेघेतले अडथळे संगीतातून निघणारे. हा सगळा खेळ प्लेस्टेशनच्या दोन मेगाबाइट स्मृतीत मावतो. त्यामुळे खेळाची तबकडी काढून आपली गाण्याची सीडी घालता येते आणि यंत्र तिच्यावरून नवी वाट रचतं. २०१२ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने संग्रहासाठी पहिले १४ व्हिडिओ गेम घेतले, त्यांत हा होता. मी त्यात अभंगांची सीडी घालून पाहिली आणि मनापासून रमलो. पण त्याला आवाजातले चढउतार कळतात, सम कळत नाही. वाट रचणं आणि शिकवणं यांत अंतर आहे, म्हणून माझं माप 'पॅरापा'कडेच झुकतं.

आता हा खेळ जुन्या यंत्रावरच का खेळायचा? २०१७ मध्ये प्लेस्टेशन ४ साठी त्याची उजळलेली आवृत्ती आली, चित्र स्वच्छ झालं. अडचण टीव्हीची आहे. पिक्चर ट्यूबचा टीव्ही आलेलं चित्र जवळपास तत्क्षणी दाखवतो. सपाट टीव्ही ते आधी साठवतो, सुधारतो, मग दाखवतो, आणि त्यात कित्येकदा ५० ते १०० मिलिसेकंद जातात. लय मिनिटाला १०० मात्रांची असेल तर एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची आणि तिचा पाव भाग १५० चा. चौपटीत वाजवणाऱ्याच्या दोन ठोक्यांमधलं एक ते दोन तृतीयांश अंतर टीव्हीच खाऊन टाकतो. मग हात बरोबर असूनही मास्तर रागावतात. गिटार हिरोसारख्या खेळांना ही तफावत जुळवून घ्यायची सोय पुढे द्यावी लागली, ती यामुळेच.

दिवाळीची आवराआवर झाली असेल आणि माळ्यावरचा ट्यूबचा टीव्ही भंगारात निघाला असेल, तर त्याच्या मागे पिवळ्या, पांढऱ्या, लाल पिनांच्या जागा आहेत का ते आधी बघा. असतील तर तो ठेवून घ्या. जुना प्लेस्टेशन अजूनही मिळतो. घरात पखवाज, तबला किंवा टाळ वाजवणारं एखादं पोर असेल तर पहिला डाव त्याला द्या, आणि ठिपक्यांच्या मधल्या जागा भरायच्या असतात एवढंच त्याच्या कानात सांगा.