टेस्टोस्टेरॉन खरंच कमी आहे का? महाड-पोलादपूरमध्ये तपासणी कुठून सुरू करायची?

थकवा, चिडचिड, लैंगिक इच्छा कमी होणं. रीलमध्ये ही यादी ऐकली की अनेकांना वाटतं, आपलंही टेस्टोस्टेरॉन कमी झालंय. मग चेकअपच्या पॅकेजमधला एक आकडा हाती येतो आणि जिममधलं कुणीतरी थेट इंजेक्शन सुचवतं. निदान मात्र झालेलंच नसतं.

तपासणी कधी?

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांमध्ये मुख्यतः वृषणांत तयार होणारं हार्मोन. त्याची पातळी सकाळी जास्त असते, दिवस चढतो तशी उतरते आणि खाल्ल्यावरही घसरते. म्हणून रक्त सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी द्यायचं. पोलादपूरच्या आतल्या गावातून एसटीने महाडच्या लॅबमध्ये पोहोचेपर्यंत दुपार होणार असेल, तर त्या दिवशी रक्त देऊच नका. आदल्या रात्री महाडला नातेवाइकांकडे मुक्काम केलेला बरा. महाड एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्यांनी डॉक्टरांना तसं आधीच सांगावं. त्यांची 'सकाळ' वेगळी असते. पावसाळ्यातल्या तापातून उठल्या उठल्याही तपासणी नको, आजारपणात पातळी तात्पुरती खाली जाते.

पहिला आकडा कमी आला तर वेगळ्या दिवशी पुन्हा तपासायचं. पहिल्यांदा कमी आलेल्यांपैकी सुमारे 30 टक्के पुरुषांची दुसरी चाचणी नॉर्मल येते. अमेरिकेतले यूरोलॉजिस्ट डेसिलिटरमागे 300 नॅनोग्रॅम ही सीमा धरतात, पण लॅबनुसार फरक पडतो. आकडा कमी आणि लक्षणंही आहेत, तरच निदान.

कमी का झालं?

हा प्रश्न बहुतेक रील विचारतच नाहीत. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच या हार्मोनमधून वृषणांना हुकूम देते. टेस्टोस्टेरॉन कमी पण एलएच जास्त, म्हणजे बिघाड वृषणांत. दोन्ही कमी असतील तर दोष वरच्या हुकमात: लठ्ठपणा, मधुमेह, ओपिऑइड गटातली वेदनाशामकं, जिमसाठी घेतलेली स्टेरॉइड्स, क्वचित पीयूषिकेची गाठ. त्यासाठी प्रोलॅक्टिनही तपासतात. वजन घटवूनच पातळी सुधारलेले पुरुष कमी नाहीत.

सर्वांत मोठा धोका मूल हवं असलेल्यांना. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू हुकूम देणं थांबवतो आणि शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. इंजेक्शन बंद केल्यावर ते परत यायला अनेक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. लग्न ठरलंय किंवा मूल हवंय, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. त्यांच्यासाठी वेगळी औषधं आहेत. 'ताकदीचं' म्हणून मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्यांचं तर बोलायलाच नको.

जायचं कुठे?

सुरुवात महाड किंवा पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे. साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासूनच बऱ्याच थकव्यांचं कारण सापडतं. पुढे गरज लागली तर एंडोक्राइनोलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनतज्ज्ञ. परळच्या केईएम रुग्णालयात हा स्वतंत्र विभाग आहे, आणि इथल्या बहुतेक घरांतलं कुणीतरी मुंबईत असतंच. निघण्याआधी ई-संजीवनी या मोफत सरकारी सेवेवरून मोबाईलवर डॉक्टरांशी बोलता येतं.

अडचण लाजेची आहे. लॅबवाला ओळखीचा, डॉक्टर वडिलांच्या ओळखीचे. पण रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि लॅबमध्ये 'हार्मोनची तपासणी' एवढं म्हटलं तरी पुरतं.

उपचार सुरू झाले तरी रक्त तपासत राहावं लागतं. टेस्टोस्टेरॉनने रक्त घट्ट होऊ शकतं. हिमॅटोक्रिट 54 टक्क्यांच्या वर गेलं तर डॉक्टर औषध थांबवतात. प्रोस्टेटवरही लक्ष ठेवतात. पहिली फेरतपासणी साधारण तीन ते सहा महिन्यांत होते, तेव्हा जुने सगळे रिपोर्ट सोबत न्या.