शेजाऱ्याला बारा गुण

बेंगळुरूच्या राजाजीनगरातून मी पुन्हा तुमच्यासमोर. आज विषय गाण्याचा आहे, पण मुद्दा निकालाचा.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सवात गाण्याची स्पर्धा झाली. परीक्षक नव्हते, प्रेक्षकांनीच चिठ्ठ्या टाकायच्या. समोरच्या इमारतीतल्या कन्नड मुलीनं मराठी अभंग असा म्हटला की मांडव गप्प झाला. पहिला नंबर मात्र सगळं गणगोत घेऊन आलेल्या घराला गेला. ती चौथी आली. चिठ्ठ्या मीच मोजल्या होत्या. मोजणीत चूक नव्हती, तरी मला रात्री झोप लागली नाही. यंदा तिनं नाव दिलं नाही. नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी युरोव्हिजनचे नियम काढून बसलो.

युरोव्हिजन म्हणजे देशादेशांमधली गाण्याची स्पर्धा. पहिली 1956 साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो इथे झाली. सात देश, प्रत्येकाची दोन गाणी. भरवते युरोपातल्या प्रसारण संस्थांची संघटना. म्हणजे आपल्या दूरदर्शनसारख्या वाहिन्या आपापल्या देशातून एक गाणं पाठवतात. गाणं नवं हवं, तीन मिनिटांत संपायला हवं, मंचावर सहापेक्षा जास्त माणसं नकोत आणि मुख्य गायकानं प्रत्यक्ष गायला हवं. आधी उपांत्य फेऱ्या, मग अंतिम. यजमान देश थेट अंतिम फेरीत जातो, आणि जास्त पैसे भरणारे काही मोठे देशही. वर्गणी जास्त त्याला पुढची खुर्ची, हे तिकडेही आहेच! जिंकलेला देश बहुतेक वेळा पुढच्या वर्षी यजमान होतो. 2022 साली युक्रेन जिंकलं, पण युद्धामुळे 2023 ची स्पर्धा ब्रिटननं लिव्हरपूलला भरवली.

आता गुण. 1975 पासून प्रत्येक देश आपल्या आवडत्या दहा गाण्यांना 12, 10 आणि मग 8 पासून 1 पर्यंत गुण देतो. बेरीज 58. जर्मनीची लोकसंख्या आठ कोटींच्या वर, सान मारिनोची एका तालुक्याएवढीही नाही. तरी दोघांचे गुण सारखेच. त्यामुळे नुसत्या डोक्यांच्या संख्येवर कोणी जिंकत नाही. आणि पहिला नियम: स्वतःच्या देशाला मत देता येत नाही.

पण शेजाऱ्याला देता येतं! ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना 12 गुण देतात, हा तिथला जुना विनोद आहे. भाषा एक, गाण्याची आवड एक, हेही त्यामागे आहे. सगळीच लबाडी नसते. फोनवरून लोकांची मतं घ्यायला 1997 साली पाच देशांत सुरुवात झाली, आणि हा प्रकार जास्त डोळ्यांत येऊ लागला. म्हणून 2009 पासून अंतिम फेरीत निम्मं वजन लोकांच्या मतांना आणि निम्मं संगीतातल्या जाणकारांना. 2016 पासून दोन्ही गुण वेगवेगळे जाहीर होतात.

2023 साली याची खरी परीक्षा झाली. लोकांनी फिनलंडला 376 गुण दिले, स्वीडनला 243. जाणकारांनी स्वीडनला 340 आणि फिनलंडला 150. एकूण 583 विरुद्ध 526, स्वीडन जिंकलं. लोक चिडले, पण कोणी कुणाला किती दिले हे समोर होतं.

जाणकार तरी धुतल्या तांदळाचे असतात का? 2022 साली सहा देशांच्या परीक्षकांच्या मतांमध्ये संशयास्पद साम्य आढळलं. आयोजकांनी ती मतं बाजूला ठेवली. म्हणजे पहाऱ्यावरही पहारा लागतो. फौजेत आम्हीही कंपन्यांच्या आपसातल्या स्पर्धेला पंच बाहेरच्या युनिटमधून बोलवायचो. आपल्या माणसांवर अविश्वास म्हणून नव्हे, हरलेल्यानं मान खाली घालून परत जाऊ नये म्हणून.

आणखी एक धडा 1969 चा. माद्रिदला चार देशांना प्रत्येकी 18 गुण पडले. बरोबरी झाली तर काय, हे कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. चौघांनाही विजेते जाहीर करावं लागलं, आणि पुढच्या वर्षी काही देश आलेच नाहीत. नंतर नियम झाला. 1991 साली फ्रान्स आणि स्वीडन 146 वर अडले. 12 गुणही सारख्याच वेळा मिळालेले. मग 10 गुण जास्त वेळा मिळाले म्हणून स्वीडन जिंकलं.

तर आमचे यंदाचे नियम असे. माणशी नव्हे, घरटी एक चिठ्ठी. स्वतःच्या घराला मत नाही. निम्मे गुण दुसऱ्या वसाहतीतून आलेल्या दोन संगीत शिक्षकांचे. बरोबरीचा नियम आधीच फळ्यावर. दोन्ही गुण मांडवात वाचून दाखवायचे.

पक्षपात यानं संपणार नाही. तो उघड्यावर येईल, एवढंच. कागद घेऊन मी स्वतः त्या मुलीच्या घरी गेलो. गेल्या वर्षीची चूक नियमांची होती, तुझ्या गाण्याची नव्हती, असं सांगितलं. तिनं कागद वाचला आणि विचारलं, "अंकल, अभंग तीन मिनिटांत कसा बसवायचा?"

मी म्हटलं, तो नियम युरोपचा. आपल्याकडे पाच मिनिटं.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.