हायकूची लाइव्ह डिस्क: आधी चालवून पाहा, मग बसवा

मागच्या व्याख्यानात आपण बूटलोडरपर्यंत आलो होतो. आज पुढचा प्रश्न घेऊ. हौशी मंडळींनी लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टीम अनोळखी माणसाच्या संगणकावर पोचते कशी? उदाहरण हायकूचं. बी-ओएस बनवणाऱ्या बी कंपनीची मालमत्ता २००१ मध्ये पामने घेतली, आणि त्याच वर्षी स्वयंसेवकांनी ती सिस्टीम नव्याने लिहायला घेतली. तीच ही हायकू.

लाइव्ह डिस्क म्हणजे हार्ड डिस्कला हात न लावता पूर्ण चालणारी सिस्टीम. हौशी सिस्टीमला ती फार लागते, कारण ड्रायव्हर मोजके असतात. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, हे आधीच कळायला हवं. समोरच्याच्या डिस्कवर घरचे फोटो असतात, दुकानाचा हिशेब असतो. तो पुसून मग कळण्यात काय अर्थ?

आता गंमत बघा. सीडीचा सेक्टर २०४८ बाइटचा, हार्ड डिस्कचा परंपरेने ५१२ चा. पेनड्राइव्हवरून बूट करताना जुना बायॉस पहिले ५१२ बाइट वाचतो. सीडीवर मात्र तो एल टोरिटो नावाच्या १९९५ च्या ठरावाप्रमाणे १७ क्रमांकाचा सेक्टर बघतो. मग एकच फाइल दोन्हीकडे कशी चालणार? आयएसओ ९६६० या सीडीच्या मांडणीत सुरुवातीचे १६ सेक्टर, म्हणजे ३२,७६८ बाइट, मोकळे सोडलेले आहेत. तिथे एमबीआर बसवता येतो! हायकूच्या एनीबूट फाइलमध्ये हेच केलंय: पुढे आयएसओ, मागे बीएफएस फाइलसिस्टीमचा अख्खा भाग, आणि एमबीआरमधलं पार्टिशन टेबल त्या मागच्या भागाकडे बोट दाखवतं. (यूईएफआयसाठी वेगळं छोटं पार्टिशन लागतं, ते आज सोडून देऊ.) म्हणूनच ही फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट करून भागत नाही. डीडीसारख्या साधनाने पहिल्या बाइटपासून जशीच्या तशी उतरवावी लागते. आणि हो, डीडीला चुकीच्या डिस्कचं नाव दिलंत तर ते विचारत बसत नाही, सरळ पुसतं.

सीडीवर लिहिता येत नाही, आणि चालू सिस्टीमला तर सेटिंग लिहायच्या असतात. ते लिखाण मेमरीत ठेवतात, संगणक बंद केला की गेलं. हायकूत पॅकेजं न उलगडता, फक्त वाचण्यापुरती जोडली जातात, त्यामुळे हे ओझं कमी होतं.

इन्स्टॉलरचं काम मग थोडंच उरतं: हीच सिस्टीम निवडलेल्या पार्टिशनवर कॉपी करायची. हायकूचा इन्स्टॉलर पार्टिशन आपणहून पाडत नाही; ड्राइव्हसेटअप उघडून ते तुम्हीच तयार करायचं. नवख्याला हे जाचक वाटतं. आम्हाला मात्र ते बरोबर वाटतं, कारण कुठला भाग पुसायचा हे त्या माणसालाच ठाऊक असतं.

आता प्रश्न घेऊ या.