क्रॉसिंगवर थांबणारे इंजिन : एक लक्षण, दोन दोष

दोन मार्ग एकमेकांस छेदतात तेथे प्रतिकृती-रेल्वेचे इंजिन थबकते, हा अनुभव या छंदात पडलेल्या कोणासही नवा नाही. नवशिका प्रथम इंजिनास दोष देतो, मग रूळ पुसतो आणि अखेरीस कानस हाती घेतो. कानशीने गेलेले प्लास्टिक परत येत नाही. म्हणून उपायापूर्वी निदान झाले पाहिजे.

दोषाचे मूळ द्विरूळ पद्धतीतच आहे. नागपूरच्या डायमंड क्रॉसिंगवरून जाणारे विजेचे इंजिन आपली वीज डोक्यावरील तारेतून घेते. एचओ प्रमाणाच्या (१:८७) प्रतिकृतीत मात्र १६.५ मिलिमीटर अंतरावरील दोन रूळ हेच विजेचे दोन ध्रुव होत. मार्ग छेदले की विरुद्ध ध्रुवांचे रूळ परस्परांस भेटणारच. त्यांचा संयोग टळावा म्हणून छेदबिंदूवर, म्हणजे इंग्रजी परिभाषेतील ‘फ्रॉग’च्या जागी, प्लास्टिक बसवितात. (मार्क्लिनच्या पद्धतीत दोन्ही रूळ एकाच ध्रुवाचे व दुसरा ध्रुव मधल्या खिळ्यांच्या रांगेत असल्यामुळे ही अडचण उद्भवत नाही.)

या तोडग्यानंतरही दोन परस्परविरुद्ध दोष संभवतात. प्रवाह मुळीच न पोहोचणे हा एक. तो नको त्या वाटेने जाऊन शॉर्ट सर्किट होणे हा दुसरा. अनेकार्थी शब्दाचा अर्थ जसा शेजारच्या शब्दांवरून ठरवावा लागतो, तसे येथे त्याच मंडलातील इतर गाड्यांकडे व दिव्यांकडे पाहावे. ते चालू असतील तर दोष पहिल्या जातीचा. सर्वच बंद पडले तर दुसऱ्या.

छेदाचा कोन जितका लहान, तितका प्लास्टिकचा निर्जीव भाग लांब. चारचाकी इंजिनाची प्रत्येक रुळावर दोनच चाके असतात; एक प्लास्टिकवर आले की सारी भिस्त दुसऱ्यावर. ते मळलेले असेल, अथवा फ्रॉग किंचित उंच असल्यामुळे अधांतरी राहिले असेल, तर प्रवाह खंडित होतो. म्हणून लांब इंजिन निर्वेध जाते तेथेच शंटिंगचे लहान इंजिन अडते. आधी चाके पुसावीत, वीज घेणाऱ्या पट्ट्या चाकांना टेकतात की नाही हे पाहावे, आणि क्रॉसिंगच्या प्रत्येक रुळावर वीज पोहोचते का हे मल्टिमीटरने तपासावे; रूळ जोडणाऱ्या पट्ट्यांवर विसंबू नये. मग पोलादी पट्टी ठेवून उंचवटा पाहावा. कानस सर्वांत शेवटी.

दुसरी जात अधिक फसवी. फ्रॉगच्या टोकाशी विरुद्ध ध्रुवांचे रूळ अगदी निकट येतात आणि रुंद धावेचे चाक क्षणभर दोहोंस टेकते. साध्या डी.सी. नियंत्रकावर पुष्कळदा एवढ्याने नुसता धक्का बसतो. डीसीसी पद्धतीत संरक्षक यंत्रणा तत्काळ प्रवाह तोडते. त्यामुळे वर्षानुवर्षे चाललेली गाडी पद्धत बदलताच अडू लागते. खोलीत अंधार केल्यास ठिणगी दिसते. जोडीच्या चाकांमधील आतले अंतर प्रथम मोजावे. ते योग्य असल्यास टोकालगतच्या रुळाच्या माथ्यावर काही मिलिमीटर नेलपॉलिशचा पातळ थर द्यावा. तो झिजतो, हे गृहीत धरावे. फ्रॉग धातूचा असेल तर त्याचा ध्रुव मार्गानुसार बदलतो की नाही, हाच पहिला प्रश्न.

इंजिनात कपॅसिटर बसविण्याचा उपाय हल्ली वारंवार सुचविला जातो. पहिल्या जातीत तो उपकारक खरा. दुसऱ्या जातीत तेवढे एक इंजिन कदाचित पुढे सरकेल. इतर गाड्या मात्र थांबतच राहतील.