किनारा डाव्या हाताला ठेवला की गोवा येतो?

शिडाच्या छोट्या यॉटने मुंबईहून गोव्याला जायचं म्हटलं की दोन प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला: ‘वेड लागलंय का?’ दुसरा: ‘त्यात काय, किनारा डाव्या हाताला ठेवायचा, गोवा आपोआप येतो.’ पहिल्याने माणूस घाबरतो आणि निदान तयारीला लागतो. दुसरा जास्त धोक्याचा, कारण तो पटतो. या मार्गाबद्दलच्या बहुतेक चुकीच्या समजुती त्यातूनच निघतात: किनारा दिसतोय ना, मग आपण सुखरूप.

प्रत्यक्षात छोट्या बोटीला जे काही नडतं, ते बहुतेक किनाऱ्यालगतच असतं. खडक, वाळूचे दांडे, जाळी, बंदराकडे धावणारी जहाजं, सगळी तिथेच. कोकणात ऑक्टोबर ते मे दुपारचा वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. इंजिन बंद पडलं किंवा शीड फाटलं, तर बोट वाहत जाणार ती खडकांकडेच. ताशी एक मैल वेगाने वाहतेय असं धरा. दहा मैल बाहेर असाल तर दुरुस्तीला दहा तास मिळतात, अर्ध्या मैलावर असाल तर अर्धा तास. म्हणून वादळी हवेत घाईघाईने अनोळखी खाडीत शिरण्यापेक्षा बाहेरच राहणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं. कोकणातल्या अनेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो. ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना समोरून लाटा येत असतील, तर त्या दांड्यावर समुद्र असा फुटतो की तीस फुटी बोट आडवी व्हावी. भरतीच्या वेळी तीच खाडी निमूट आत घेते.

भरतीवरून आणखी एक गोष्ट. वाटेत कुठेतरी मरिना असेल, तिथे बोट बांधू, अशी कल्पना परदेशी व्हिडिओ पाहून होते. मुंबई आणि गोव्याच्या दरम्यान एकही मरिना नाही. राजपुरी, जयगड, विजयदुर्ग, देवगड अशा खाड्यांत नांगर टाकूनच राहायचं. नांगर किती जड आहे याची चर्चा सगळे करतात, दोर किती सोडला हे कोणी विचारत नाही. नांगर धरतो तो ओढ जवळजवळ आडवी लागते तेव्हा. त्यासाठी दोर असेल तर पाण्याच्या खोलीच्या सातपट आणि साखळी असेल तर चार-पाच पट सोडावी लागते. ही खोली मोजायची ती भरतीची. मुंबईत उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरहून अधिक चढतं-उतरतं. मार्मागोव्यात ते जेमतेम दोन मीटर, कोचीत साधारण एक. ओहोटीला तीन मीटर पाण्यात पंधरा मीटर साखळी सोडून निश्चिंत झोपलात, तर भरतीला पाणी सात मीटर होतं आणि पाचपट साखळी दुपटीवर येते. बोट नांगरासकट सरकू लागते, बहुधा पहाटे तीनला.

‘शिडाच्या बोटीला सगळ्यांनी वाट द्यायची असते’ हे वाक्य क्लबातल्या गप्पांत हमखास ऐकू येतं. आंतरराष्ट्रीय नौकानयनाच्या नियमांत ते अर्धंच खरं आहे. शिडाच्या बोटीने मासेमारी करत असलेल्या बोटीला वाट द्यायची असते. ताबा सुटलेल्या किंवा हालचाल मर्यादित असलेल्या जहाजालाही द्यायची असते. मागून कोणाला ओलांडत असाल तर शीड असो वा नसो, जबाबदारी तुमची. अरुंद जलमार्गात, म्हणजे मुंबई बंदरात किंवा जेएनपीटीच्या वाटेवर, फक्त त्या मार्गातच चालू शकणाऱ्या मोठ्या जहाजाला शिडाच्या बोटीने अडथळा करायचाच नाही. शिवाय इंजिन लावून चालू लागलात की, शीड वर असलं तरी, नियमांच्या लेखी तुमची बोट यांत्रिक होते.

नियम बाजूला ठेवून नुसतं गणित केलं तरी पुरे. बारा मीटरपेक्षा छोट्या बोटीचे लाल-हिरवे दिवे नियमाप्रमाणे एका मैलावरून दिसले तरी चालतात. वीस नॉटने, म्हणजे ताशी वीस सागरी मैलांनी, येणारं कंटेनर जहाज एक मैल तीन मिनिटांत कापतं, आणि त्याला थांबायला मैलभर किंवा जास्तच लागतो. उलट मोठ्या जहाजाचा डोलकाठीवरचा दिवा सहा मैलांवरून दिसावा असा नियम आहे. म्हणजे दिवा दिसल्यापासून तुमच्या हातात पंधराएक मिनिटं असतात. चहा करायला खाली गेलेल्या माणसाला ती कळतही नाहीत. फायबरची बोट रडारवर नीट उमटत नाही, म्हणून डोलकाठीवर रडार रिफ्लेक्टर हवा. जहाजं आपली जागा रेडिओवरून कळवतात ती एआयएस यंत्रणा असेल तर उत्तम, पण मासेमारी बोटींपैकी अनेकांकडे ते नसतं, हे गृहीत धरून त्याच्या पडद्याकडे पाहावं.

मासेमारीच्या जाळ्यांची भीती मला जहाजांपेक्षा जास्त वाटते. जहाज निदान दिसतं. जाळ्याच्या टोकाला कधी लुकलुकणारा दिवा असतो, कधी थर्माकोलचा तुकडा, कधी काहीच नाही. पंख्यात दोर गुंडाळला गेला की इंजिन मेलं, आणि रात्री तो कापायला पाण्यात उतरणं हा आत्मघात. मुंबईच्या उत्तरेला आणि आसपास डोल जाळी समुद्रात ठोकलेली असतात, दक्षिणेला तरंगती जाळी मैल-मैल पसरलेली. हा रस्ता कोळ्यांचा आहे, आपण पाहुणे. निघण्याआधी जेट्टीवर एखाद्या तांडेलाजवळ (मासेमारी बोटीच्या प्रमुखाजवळ) बसून ‘आत्ता जाळी कुठे आहेत?’ विचारलं, तर कुठल्याही नकाशात न मिळणारी माहिती दहा मिनिटांत मिळते.

नकाशावरून आठवलं. ‘मोबाइलमध्ये चार्ट आहे, कागदाचं ओझं कशाला?’ यावर २०१४ च्या व्होल्वो ओशन रेसमधली गोष्ट पुरेशी आहे. २९ नोव्हेंबरला ‘टीम वेस्टास विंड’ ही शर्यतीतली अत्यंत महागडी यॉट, जगातल्या निष्णात खलाशांसह, मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराहोस या प्रवाळबेटांच्या खडकावर रात्री आदळली. बेटं नकाशात होती; पडद्यावर पुरेसं झूम न केल्याने दिसली नाहीत. इलेक्ट्रॉनिक चार्ट लहान करून पाहिला की तपशील गाळतो, हा त्याचा स्वभावच आहे. त्यामुळे पूर्ण मार्ग निघण्याआधी घरी बसून मोठा करून पाहावा आणि देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे कागदी चार्ट सोबत ठेवावेत. मालवणच्या किल्ल्याभोवतीचे खडक आणि वेंगुर्ला रॉक्स पेन्सिलने गोल करून ठेवले तर बरं. ओल्या बोटांना टचस्क्रीन जुमानत नाही आणि मेच्या उन्हात टॅबलेट तापून बंद पडतो, हे वेगळंच.

मोबाइलवर मदत मागू, असंही अनेक जण धरून चालतात. किनाऱ्यालगत रेंज येते-जाते, पण एखाद्या डोंगराच्या आडोशाला नेमकी नसते. शिवाय मोबाइल एकालाच ऐकू जातो. व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनेलवर बोललेलं आसपासचं प्रत्येक जहाज ऐकतं. व्हीएचएफचा पल्ला मुख्यतः अँटेनाच्या उंचीवर ठरतो. डोलकाठीच्या टोकाला अँटेना असेल तर दुसऱ्या यॉटशी पंधराएक मैलांवरून बोलता येतं, हातातल्या सेटचा आवाज पाच-सात मैलांतच संपतो. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये असावाच. उपग्रहामार्फत संकटाचा संदेश देणारं ४०६ मेगाहर्ट्झचं बीकन नोंदणी करून न्यावं. त्याचा इशारा बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रातून तटरक्षक दलाकडे जातो. परदेशातून येणाऱ्या मित्राला मात्र आधीच सांगून ठेवा: थुराया आणि इरिडियमचे सॅटेलाइट फोन भारतात परवान्याशिवाय बाळगायला बंदी आहे. खिशात मावणाऱ्या सॅटेलाइट मेसेंजरमुळेही गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटकांवर कारवाई झालेली आहे.

लाइफ जॅकेट घातलं की झालं? जॅकेट तुम्हाला तरंगत ठेवतं. बोटीवर ठेवत नाही. पाच नॉटने जाणारी बोट मिनिटात दीडशे मीटर पुढे जाते, आणि तेवढ्या अंतरावर लाटांमध्ये माणसाचं डोकं नारळाएवढंही दिसत नाही. रात्री एकटं डेकवर असताना हार्नेस बोटीला अडकवलेला हवा, वारा नसला तरी.

बोट लागणं हे नवशिक्यांचं दुखणं, असं मानणाऱ्यांनी ॲडमिरल नेल्सनला आठवावं. आयुष्य समुद्रावर काढूनही त्याला बोट लागतच असे. गोळी उलटी सुरू झाल्यावर नव्हे, निघण्यापूर्वी घ्यायची, आणि कुठली ते डॉक्टरांना विचारून, कारण काही गोळ्यांनी झोप येते आणि पाळीवरच्या माणसाला ती परवडत नाही.

‘पावसाळा सोडला तर अरबी समुद्र शांत’ हे बऱ्याच अंशी खरं, म्हणूनच फसवं. ‘फयान’ चक्रीवादळ कोकणावरून गेलं ते नोव्हेंबर २००९ मध्ये, ऐन मासेमारीच्या हंगामात. अनेक मच्छीमार परतले नाहीत. ‘तौक्ते’ चक्रीवादळात पी-३०५ हा बार्ज मुंबईजवळ बुडाला तो १७ मे २०२१ ला, पाऊस सुरू व्हायच्या आधी. डिसेंबरच्या शेवटापासून मार्चपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात भरवशाचा, आणि हवामान खात्याचा इशारा रोज पाहायचा तो तेव्हाही.

इंजिनाबद्दल थोडक्यात: ते बंद पडतं ते बहुधा डिझेलमुळे. टाकीच्या तळचा गाळ खवळलेल्या समुद्रात ढवळतो, फिल्टर तुंबतो, एअर पकडते. दोन-तीन जादा फिल्टर, पाण्याच्या पंपाचा इंपेलर, आणि एअर काढायची सवय असलेले स्वतःचे हात सोबत हवेत. मेकॅनिक जेट्टीवर राहतो.

राहिला वेळेचा हिशेब, आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच चुकतात. मुंबई ते मार्मागोवा सुमारे २२५ सागरी मैल. तीस फुटी यॉट सरासरी साडेचार नॉटने गेली, तर न थांबता पन्नास तास. दोन दिवस, दोन रात्री, म्हणजे निदान तिघे तरी हवेत आणि तीन-तीन तासांच्या पाळ्या निघण्याआधीच ठरलेल्या. हे जाताना, वायव्येचा वारा पाठीशी असताना.

येताना तोच वारा तोंडावर. शिडाची बोट वाऱ्यात सरळ घुसू शकत नाही. पंचेचाळीस अंशांत डावं-उजवं करत चढावं लागतं. नुसत्या भूमितीनेच अंतर १.४ पट होतं, आणि वाऱ्याने बाजूला सरकणं धरलं की साडेतीनशे मैलांवर जातं. जुनी गलबतं आणि फत्तेमाऱ्या या वाऱ्याशी भांडत नसत. रात्री उशिरा जमिनीवरून मतलई वारा सुटतो, तो सकाळी उशिरापर्यंत टिकतो. दुपारी खारा वारा येतो. छोट्या यॉटनेही पहाटेच निघावं, मतलईवर आणि इंजिनावर तीस ते पंचेचाळीस मैल मारावेत आणि खारा वारा जोर धरायच्या आत नांगर टाकावा. गोव्यातल्या आग्वादहून मालवण, मग विजयदुर्ग, जयगड, हर्णै, राजपुरी, मुंबई. मालवणातून मात्र, तिथल्या खडकांमुळे, उजाडल्याशिवाय निघू नये, इतर ठिकाणीही अंधारात जाळ्यांसाठी एक माणूस पुढे नाळेवर उभा हवा. वाटेत हवा बिघडली म्हणून एखाद-दुसरा दिवस खाडीत बसावं लागतंच. परतीला आठवडा धरावा, आणि रजेचा अर्ज टाकतानाच तो मोजावा.