चरात रुतलेलं स्पिटफायर

८ ऑगस्ट १९४०. इंग्लिश खाडीतून पश्चिमेकडे निघालेल्या जहाजांच्या तांड्यावर जर्मन विमानं दिवसभर तुटून पडत होती. डॉर्सेटच्या किनाऱ्यालगत मेसरश्मिट १०९ विमानांशी झालेल्या झटापटीत ब्रिटिश हवाईदलाच्या एका स्पिटफायरला गोळ्या लागल्या. सार्जंट डेनिस रॉबिन्सन यांनी ते वेअरहॅम गावाशेजारच्या बेस्टवॉलच्या कुरणात पोटावर उतरवलं. विमान गवतावरून घसरत गेलं आणि त्याचं नाक चरात घुसलं. त्या क्षणानंतरचं छायाचित्र आजही छापलं जातं: नाक मातीत, शेपूट आभाळात. वैमानिक मात्र सुखरूप बाहेर पडला होता.

या विमानाचा क्रमांक के ९८९४. ते ज्या तुकडीचं होतं तिचं अधिकृत नाव १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन. तुकडीच्या बोधचिन्हावर निजामाचा दस्तार होता आणि ब्रीदवाक्याचा अर्थ होता ‘विश्वासू दोस्त’. निजाम मीर उस्मान अली खान यांना ब्रिटिशांनी दिलेल्या किताबातूनच ते शब्द घेतले होते.

इथे चिकलठाण्याचा संबंध येतो. १९४० साली चिकलठाणा हे औरंगाबादच्या पूर्वेचं, जालना रस्त्यावरचं शेतीचं गाव होतं आणि औरंगाबाद जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांचा शेतसारा हैदराबादच्या खजिन्यात जात असे. निजामाच्या ज्या वैभवातून ब्रिटिश हवाईदलाला विमानांच्या देणग्या मिळाल्या, त्याच्या मुळाशी ही काळी जमीनही होती. बेस्टवॉलच्या चरात रुतलेल्या विमानाचं छोटं प्रतिरूप मराठवाड्यातल्या एखाद्या टेबलावर उभं राहिलं, तर ते परक्या युद्धाचं खेळणं ठरत नाही. त्यात इथल्या हिशेबाचं एक पान आहे.

हे पान १९४० च्याही आधी उघडतं. १९१८ मध्ये ब्रिटिश हवाईदलाची ११० वी तुकडी डीएच ९ए जातीची बॉम्बफेकी विमानं घेऊन फ्रान्सला गेली. तिची पहिली विमानं निजामाने भेट दिली होती. प्रत्येक विमानाच्या अंगावर तसा मजकूर रंगवलेला होता आणि तुकडीच्या नावाला ‘हैदराबाद’ जोडलं गेलं. त्यांतलं एफ १०१० हे विमान ५ ऑक्टोबर १९१८ च्या मोहिमेवरून परतलं नाही. ते जर्मनांच्या हाती लागलं आणि आतले दोघेही कैदी झाले.

त्यानंतरचा त्याचा प्रवास कादंबरीला शोभावा असा आहे. जर्मनांनी ते बर्लिनच्या विमानसंग्रहालयात ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर बॉम्ब पडू लागले, तेव्हा संग्रहातली काही विमानं पूर्वेकडे हलवली गेली, त्यांत हेही होतं. युद्ध संपल्यावर ते पोलंडमध्ये राहिलं आणि क्राकूवच्या संग्रहालयात पोचलं. १९७७ मध्ये ब्रिटिश हवाईदलाच्या संग्रहालयाने बदल्यात एक स्पिटफायर देऊन ते परत मिळवलं. आज ते लंडनमध्ये उभं आहे.

दुसऱ्या महायुद्धात हैदराबादचं नाव आणखी दोन तुकड्यांना मिळालं. १५२ कडे स्पिटफायर होती आणि २५३ (हैदराबाद स्टेट) स्क्वाड्रनकडे हरिकेन. दोन्ही तुकड्या ब्रिटनच्या हवाई लढाईत लढल्या. १५२ चा तळ होता डॉर्सेटमधलं वॉर्मवेल. पुढे ही तुकडी भारतात आली आणि १९४४ मध्ये ईशान्य भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढली. तिथल्या तिच्या स्पिटफायरवर राष्ट्रचिन्हाच्या वर्तुळावरून झेप घेणारा काळा बिबट्या रंगवलेला असे. प्रतिकृती करणाऱ्यांना तो बिबट्या अजून भुरळ घालतो.

प्रतिकृतीच्या छंदाचा इतिहासही याच काळाला चिकटून चालतो. १९३६ मध्ये ब्रिटनमध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ नावाने १:७२ प्रमाणातले प्लास्टिकचे सुटे भाग विकायला आले. युद्धकाळात याच प्रमाणातल्या प्रतिकृती शत्रूचं विमान कोणतं आणि आपलं कोणतं हे ओळखायला शिकवण्यासाठी वापरल्या गेल्या. १९५३ मध्ये एअरफिक्सचं छोटं स्पिटफायर बाजारात आलं आणि लढाऊ विमान शाळकरी मुलांच्या खिशाला परवडू लागलं. तोवर विमान जोडायचं, रंगवायचं आणि फळीवर ठेवायचं एवढाच रिवाज होता.

फळीवरच्या त्या विमानाला गोष्ट सांगायला लावलं शेपर्ड पेन या अमेरिकन कलावंताने. १९७० च्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या खोक्यांत त्याच्या देखाव्यांची पत्रकं येत. पोटावर उतरलेल्या बी-१७ बॉम्बफेकी विमानाचा त्याचा देखावा जगभरच्या छंदिष्टांनी डोळ्यांत साठवला. १९८० मध्ये देखावे कसे करावेत यावर त्याचं पुस्तक आलं. नवं कोरं विमान आपला आकार दाखवतं, पडलेलं विमान मात्र काय घडलं ते सांगतं, हा फरक त्याच्या कामातून लोकांना कळला.

मराठी घराला देखावा नवा नाही. दिवाळीत अंगणात दगड, विटा आणि पोती रचून त्यावर चिखल थापायचा, अळीव नाहीतर मोहरी पेरून हिरवळ उगवायची, बुरुजावर मातीचे मावळे ठेवायचे, ही देखाव्याचीच शाळा आहे. दरवाज्यापेक्षा मावळा मोठा दिसला तर किल्ला खोटा वाटतो, हे तिथे आठ वर्षांच्या मुलालाही कळतं. स्पिटफायरसाठी तीच नजर लागते, फक्त मोजमाप बारीक होतं.

खरं स्पिटफायर ९.१२ मीटर लांब, पंखांची रुंदी ११.२३ मीटर. १:४८ प्रमाणात लांबी १९ सेंटिमीटर आणि रुंदी साधारण साडेतेवीस. शेजारी उभा राहणारा माणूस साडेतीन सेंटिमीटरचा. पहिली अडचण जाडीची येते. १ मिलिमीटर जाड प्लास्टिक या प्रमाणात ४८ मिलिमीटरचा पत्रा ठरतं. खऱ्या विमानावर बऱ्याच ठिकाणी १ मिलिमीटरहून पातळ ॲल्युमिनियम होतं. म्हणून जिथे पत्रा फाटलेला किंवा चुरगळलेला दाखवायचा, तिथलं प्लास्टिक आतून घासून कागदासारखं करतात, नाहीतर कापून काढतात आणि तिथे स्वयंपाकघरातली पोळ्या गुंडाळायची फॉइल चिकटवतात. बोटाने दाबली की ती खऱ्या पत्र्यासारखी सुरकुतते. सुकाणू आणि पंखांच्या कडेचे हलते भाग १९४० मध्ये कापडाने मढवलेले असत. कापड फाटतं, पत्र्यासारखं चेपत नाही, त्यामुळे तिथली जखम वेगळी दाखवावी लागते.

पंख्याची पाती तर साक्षीदारच. इंजिन जोरात फिरत असताना विमान पोटावर आपटलं, तर धातूची पाती सगळी वाकतात. इंजिन आधीच बंद पडलेलं असेल, तर खालचं पातं वाकतं आणि वरची सरळ राहू शकतात. लाकडी पाती वाकत नाहीत, ती तुटून ढलप्या उडतात. त्यामुळे छायाचित्र न बघता तिन्ही पाती सारखी मुरडली, तर विमानाच्या शेवटच्या मिनिटाची गोष्ट बदलून जाते. सराईत हात पातं गरम पाण्यात धरून हळूच वाकवतो आणि मध्ये मध्ये थांबून छायाचित्र बघतो.

रंगातही तारीख असते. वर गडद माती आणि गडद हिरवा, खाली फिकट आकाशी-हिरवट छटा, बाजूला पिवळ्या कड्याचं वर्तुळ आणि तुकडीची ‘यूएम’ ही अक्षरं. ऑगस्ट १९४० चं स्पिटफायर हे एवढ्यावरून ओळखू येतं. घसरताना पोटावरचा रंग खरवडून चकाकता पत्रा उघडा पडतो. त्या ओरखड्यांची दिशा विमान आलं त्याच दिशेची हवी.

मग जमीन. फ्रोम आणि पिडल या दोन नद्यांमधला बेस्टवॉलचा तो सखल, ओलसर भाग आहे. थर्माकोलचा तळ, त्यावर प्लास्टर, वर फेव्हिकॉलमध्ये कालवलेली चाळलेली माती आणि तागाचे कातरलेले धागे. विमानामागे घसरल्याची खूण लांबवर दिसली पाहिजे: उपटलेलं गवत, उलटलेली ढेकळं, सांडलेल्या तेलाचा काळा पट्टा. आणि चराची कड विमानाच्या वजनाने खचलेली. ती न खचवता विमान नुसतं टेकवलं, तर ते वरून आणून ठेवल्यासारखं दिसतं.

युद्ध संपल्यावर तीन वर्षांनी, सप्टेंबर १९४८ मध्ये, भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. त्यांच्या मदतीला पुण्याहून उडाली ती टेम्पेस्ट लढाऊ विमानं, हरिकेन घडवणाऱ्या हॉकर कंपनीचीच. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. संस्थान संपलं, पण त्याचं नाव ब्रिटिश तुकड्यांच्या इतिहासात राहून गेलं.

चिकलठाण्यात पुढे औद्योगिक वसाहत आली आणि विमानतळ गावाच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. २६ एप्रिल १९९३ रोजी इथून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ उड्डाण घेताना रस्त्यावरच्या कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकलं आणि पुढे विजेच्या तारांना लागून कोसळलं. आतल्या ११८ जणांपैकी ५५ दगावले. पडलेलं विमान म्हणजे काय हे या गावाला ठाऊक आहे. इथे कुणी पडझडीचा देखावा मांडेल, तर त्याने हौसेखातर चार भोकं जास्त पाडू नयेत आणि उगाच धूर काढू नये.

म्हणूनच के ९८९४ हा विषय इथे निवडावासा वाटतो. त्यात दाखवायचा सगळ्यात लहान भाग वैमानिकाच्या कक्षाच्या डाव्या अंगाचा आहे. स्पिटफायरला तिथे खाली पडणारी एक छोटी झडप असते, १:४८ प्रमाणात नखाएवढी. ती वेगळी कापायची, उघडी चिकटवायची, काचेचं झाकण मागे सरकवायचं, आत आसनाचे पट्टे सुटलेले ठेवायचे. आसनावर कुणी नाही. चराच्या पलीकडे गवतात साडेतीन सेंटिमीटरचा एक माणूस उभा आहे, विमानाकडे तोंड करून.